मॉरिशसमध्ये किनाऱ्यापलीकडे काय बघाल?

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन मॉरिशसला जाताय, टूरवाल्याच्या यादीत नुसते बीच आणि डॉल्फिन आहेत, मग तिथलं रान कुठे बघायचं?

आधी एक सांगते. ताडोबासारखं मोठं जनावर तिथे शोधू नका. वटवाघळं सोडली तर या बेटावर मूळचा सस्तन प्राणीच नाही. तिथे बघायचं ते नामशेष होता होता वाचलेलं. डोडो सतराव्या शतकातच संपला. मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा 1974 मध्ये रानात फक्त 4 उरला होता. गुलाबी कबुतरं 1990 च्या सुमारास जेमतेम दहा होती. पक्षी वाचवण्याचं काम करणारे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लं हाताने वाढवून रानात सोडली, म्हणून आज ती शेकड्यांत आहेत. हे मुलांना निघण्याआधीच सांगा, म्हणजे कबुतर दिसल्यावर त्यांना त्याचं मोल कळेल.

एकच ठिकाण जमणार असेल तर इल ओ झेग्रेत हे छोटं बेट निवडा. माहेबूरजवळच्या पॉईंट जेरोमहून बोट सुटते आणि फिरणं गाईडबरोबरच होतं. बेट अवघं 26 हेक्टरचं, पण किनाऱ्यालगतचं मूळचं एबनीचं (काळ्या, कठीण लाकडाच्या झाडाचं) जंगल तिथे टिकून आहे. मॉरिशसची स्वतःची महाकासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून 2000 पासून सेशेल्सच्या अल्डाब्राची कासवं आणून सोडली आहेत. ती झाडाखाली पडलेली एबनीची फळं खातात आणि विष्ठेतून पडलेलं बी जास्त चांगलं रुजतं. गाईडला अशी रोपं दाखवायला जरूर सांगा. मुलांना कासवाच्या पाठीवर मात्र बसू देऊ नका.

दुसरा दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाला द्या. पेत्राँच्या बाजूने सकाळी लवकर शिरा, उन्हं चढली की पक्षी गप्प होतात. गंगा तलाव हे तिथल्या हिंदूंचं तीर्थस्थान तिथून जवळच आहे, आजी-आजोबा सोबत असतील तर दोन्ही एका दिवसात होतं. वाटेत गुळगुळीत, बारीक खोडांची दाट झाडी लागेल. ती बाहेरून आणलेल्या चिनी पेरूची. इतकी गच्च वाढते की खाली देशी झाडाचं रोप धरत नाही. कुंपण घालून हा पेरू उपटून काढलेले तुकडे उद्यानात आहेत. आतलं आणि बाहेरचं रान शेजारीशेजारी बघा, फरक लगेच कळतो. दरीच्या कठड्यावर थांबलात तर लांब शेपटीचे पांढरे ट्रॉपिकबर्ड खाली घिरट्या घालताना दिसतील.

आता डॉल्फिन. तामारँच्या खाडीतले स्पिनर डॉल्फिन रात्रभर शिकार करून सकाळी विश्रांतीला येतात आणि नेमक्या त्याच वेळी बोटी त्यांना घेरतात. माझं स्पष्ट मत आहे, ते पॅकेज घेऊ नका. समुद्रातलंच बघायचं असेल तर ब्लू बे मरीन पार्कला काचेच्या तळाची बोट मिळते. पॉईंट जेरोम तिथून जवळ, त्यामुळे सकाळी बेट आणि दुपारी प्रवाळ असं एकाच दिवसात बसतं. बेटाचं बुकिंग तेवढं आधी करून ठेवा.