सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च. त्यावर सल्ला देणाऱ्या संस्थांचं काम कसं बदलत गेलं? आज अशी संस्था काढण्यात अर्थ आहे का?

२०१४च्या आधी हे काम बरंचसं ओळखीपाळखीवर चालायचं. १ एप्रिल २०१४ला कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चाचा हिशेब आला, आणि धोरण लिहून देणारे, संस्थांची छाननी करणारे उभे राहिले. खरी उलथापालथ झाली जानेवारी २०२१मध्ये, नियम बदलले तेव्हा. खर्च न झालेला पैसा चालू (अनेक वर्षांच्या) प्रकल्पाचा असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचा, नसेल तर सहा महिन्यांत कायद्याच्या अनुसूची सातमधल्या सरकारी निधीत भरायचा. संस्थेला चेक दिला म्हणजे खर्च झाला, असंही आता धरत नाहीत. तेव्हापासून बहुतेक सल्लागार सीएसआर-१ (संस्थेची नोंदणी) आणि सीएसआर-२ (कंपनीचा अहवाल) हे फॉर्म आणि सीएफओच्या (वित्तप्रमुखाच्या) प्रमाणपत्रातच अडकलेत. गावात जाऊन बघायला कुणी उरत नाही, आणि माझा राग त्यावरच आहे.

जिल्हा परिषद शाळेतला आरओ घ्या. मार्चअखेर जवळ आली की पाणी न तपासताच ऑर्डर जाते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल तर आरओची गरजच नसते, गाळणी आणि यूव्हीवर भागतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या गावात मात्र तो हवाच. मग वाया जाणारं पाणी कुठे सोडणार? शोषखड्डा अंदाजपत्रकात नसतो. प्री-फिल्टर वेळेवर बदलला नाही की मेम्ब्रेन (आरओचा मुख्य पडदा) चोंदतं. वीजबिल थकलं की महावितरण जोडणी तोडतं, आणि फलकावर कंपनीचं नाव तेवढं राहतं. हे कुणाला कळतही नाही, कारण परिणाम मूल्यमापनाची सक्ती १० कोटी किंवा जास्त सरासरी सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांना आणि तेही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांपुरतीच.

म्हणून अर्थ आहे, पण काम असं मांडा: खरेदीआधी पाण्याचा प्रयोगशाळा अहवाल, ग्रामपंचायतीचा ठराव, वीजबिल कोण भरणार ते करारात, तीन वर्षांची देखभाल प्रकल्पखर्चातच.

यावर फायनान्सवाले हमखास म्हणतात, ‘सल्लागाराची फी ५ टक्क्यांच्या प्रशासकीय मर्यादेत बसवा.’ साफ चूक. ती मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च नियमांनीच त्यातून वगळलाय. फी प्रकल्पनिहाय लावा, बिलावर प्रकल्पाचं नाव घाला. ‘वार्षिक सल्ला शुल्क’ असं मोघम लिहिलंत तर ती त्या ५ टक्क्यांत गेलीच म्हणून समजा. परिणाम मूल्यमापनाच्या खर्चाला मात्र वेगळी मर्यादा आहे: एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, जे जास्त असेल ते.

आणि हो, ५० लाखांपर्यंत दायित्व असलेल्या कंपन्यांना सीएसआर समितीसुद्धा नेमावी लागत नाही. तुमच्या फीने त्यांच्या प्रकल्पाचाच पैसा कमी होईल, तेव्हा त्यांच्यामागे लागू नका.