इम्यून टॉलरन्स : सोसणं नव्हे, आपलं म्हणणं

प्रश्न असा आहे : किडनीच्या रुग्णांसाठीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना 'इम्यून टॉलरन्स'ला 'रोगप्रतिकारक सहनशीलता' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. दोन्ही शब्द खटकतात. आधी दुसरा घेऊ.

सहनशीलता म्हणजे त्रास होत असूनही सोसणं. दाढदुखी आपण सहन करतो, गल्लीतला डीजे सहन करतो, आणि मग कधीतरी त्या सहनशीलतेचा अंत होतो. इथे प्रकार वेगळा आहे. टॉलरन्स आला की शरीराला बसवलेली दुसऱ्याची किडनी परकी वाटतच नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंदराच्या पोटातल्या, अजून न जन्मलेल्या पिल्लांना त्यांनी दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांच्या अंगावर त्याच वाणाच्या उंदराची कातडी लावली, तर ती टिकली. तिसऱ्याच वाणाची लावली, तर ती नेहमीसारखी गळून पडली. म्हणजे प्रतिकार शाबूत होता, फक्त एका पाहुण्याला घरचं मानलं गेलं होतं. या कामासाठी मेदावारना १९६० चं नोबेल मिळालं (ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ बर्नेट यांच्यासह). 'सोसणं' यात कुठेच बसत नाही.

'सहिष्णुता' त्यातल्या त्यात जवळची. धातू तोच, सह्. पण वापरात तिची वाट निराळी झाली आहे. दुखणं सहन करणाऱ्याला कोणी सहिष्णु म्हणत नाही. सहिष्णु तो, जो परक्याला परका म्हणून हाकलत नाही. शब्दकोशापेक्षा ही सवय मला महत्त्वाची वाटते.

आता 'रोगप्रतिकारक'. खरी गंमत इथे आहे. मराठीत 'परमतसहिष्णुता' म्हटलं की समासातलं पहिलं पद सांगतं, *काय* खपवून घेतलं जातंय : दुसऱ्याचं मत. इंग्रजीतलं 'इम्यून' मात्र सांगतं, *कोण* खपवून घेतंय. त्यामुळे 'प्रतिकारसहिष्णुता' असा घट्ट समास केला, तर मराठी कान 'प्रतिकार खपवून घेणं' असा अर्थ लावणार. 'रोगप्रतिकारक सहिष्णुता' तर 'रोगाचा प्रतिकार करणारी सहिष्णुता' झाली! शिवाय आईने दिलेली किडनी म्हणजे काही रोग नव्हे. तेव्हा समास सोडवा आणि 'ची' लावा : 'प्रतिकारसंस्थेची सहिष्णुता'. अक्षरं वाढली तरी अर्थ सरळ राहतो.

जाता जाता : डॉक्टर 'गोळी टॉलरेट होतेय का?' विचारतात तो टॉलरन्स वेगळा. त्याला आपला 'मानवणे' फक्कड आहे. हवा मानवते, पाणी मानवतं, गोळीही मानवते. तो शब्द तिकडेच राहू द्या.

पुस्तिकेत याहून जपायचा शब्द म्हणजे 'स्वीकारणे'. माझ्या मावसभावाला मावशीची किडनी बसवली. ('किडनी बदलली' असं सगळे म्हणतात, पण जुन्या किडन्या बहुधा जागच्या जागीच ठेवतात आणि नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, म्हणून 'बसवली'च बरं.) पहिल्या महिन्यात रिपोर्ट चांगले आले, कोणीतरी म्हणालं, "शरीराने किडनी स्वीकारली," आणि आमच्या मामाने लगेच विचारलं, "मग आता गोळ्या कशाला?" तर्क बिनचूक होता. चूक होती ती शब्दात. शरीराने काही स्वीकारलं नव्हतं; सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या टॅक्रोलिमसने, म्हणजे प्रतिकार दाबणाऱ्या गोळीने, त्याचे हात धरून ठेवले होते. हात सुटले की शरीर पुन्हा त्या किडनीवर धावून जाणार, आणि हात धरलेले असताना बाहेरच्या जंतूंशीही नीट लढता येणार नाही.

गोळ्या बंद करूनही किडनी चालू राहणं हा खरा टॉलरन्स, आणि तो दुर्मीळ आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये किडनीबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जाही (हाडांतला मगज) दिली, तेव्हा पाचपैकी चार रुग्णांच्या गोळ्या बंद करता आल्या, असं २००८ साली प्रसिद्ध झालं. तिथेही एकाची किडनी गेलीच. घरी बसून आपणहून करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

म्हणून पारिभाषिक जागी 'प्रतिकारसंस्थेची सहिष्णुता' ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे खाली एवढं लिहा : "गोळ्यांशिवायही शरीराने नव्या किडनीला आपलं म्हणणं. हे फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. तुमची किडनी चांगली चालते आहे ती गोळ्यांमुळे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका."