फोन आत्ता घ्यावा की नवरात्रापर्यंत थांबावं?

प्रश्न : माझा अँड्रॉइड फोन चार वर्षांचा झाला. दुपारीच बॅटरी उतरते. मी घरी शिकवण्या घेते, फीचे पैसे फोनवरच येतात. मुलगा म्हणतो, ‘‘आई, नवरात्रात सेल लागेल, थांब.’’ ह्यांचं म्हणणं, घ्यायचाच तर आत्ताच घे. बजेट वीस हजार. काय करू?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, सेलचं नंतर बघू. आधी हातातल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. तिथे शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची, म्हणजे फोन सुरक्षित राहावा म्हणून कंपनी पाठवते त्या दुरुस्तीची, तारीख सापडेल. ती गेल्या दोन-तीन महिन्यांतली असेल, तर नवा फोन नकोच, नुसती बॅटरी बदला. जेलरोडवर दुरुस्तीच्या काउंटरवर बसून मी रोज बघतो, चांगला चालणारा फोन लोक केवळ बॅटरीपायी टाकून देतात. मला खरंच वाईट वाटतं. लिथियमची बॅटरी वापराने आणि उन्हाने झिजतेच. त्यात फोनचा काही दोष नाही.

तारीख वर्षभर जुनी निघाली, तर मात्र ह्यांचं ऐका. ज्या फोनवर पैसे येतात तो अपडेटविना चालवू नये, आणि सेलमध्ये हजार-दीड हजार वाचतील म्हणून तर मुळीच नाही.

आता कोणता घ्यायचा? इथेच बहुतेकजण फसतात. अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. सेलमध्ये ‘निम्म्या किमतीत’ दिसणारा फोन तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर त्याचं अर्धंअधिक आयुष्य गोदामातच संपलेलं असतं. सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलेक्सी एस२४ आणताना सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं. तो महागडा फोन, पण त्याच वर्षी आलेल्या साध्या ए१६ लाही सहा वर्षं आहेत. तुमच्या बजेटमध्ये शोधताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हा आकडा विचारा. मॉडेल वर्षाच्या आतलं असावं.

आयफोनवाल्यांचं सोपं आहे. सप्टेंबरात नवा येतो, आदल्या वर्षीचा उतरतो. २०२४ मध्ये आयफोन १५ ची किंमत दहा हजारांनी कमी झाली होती.

थांबायला जमणार असेल, तर पसंतीच्या मॉडेलची आजची किंमत वहीत लिहून ठेवा. सेलमधली सूट त्या आकड्याशी ताडा, खोडलेल्या छापील किमतीशी नको. बरीचशी सूट ठरावीक बँकेच्या कार्डावरच मिळते. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांतही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बऱ्याचदा आपल्याच माथी येते. नवरात्राआधी पितृपक्षात दुकानं रिकामी असतात. तेव्हा जेलरोडला चक्कर मारा. दुकानदार निवांत बोलतो, भावही करतो.

आणि एक. ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन आणणारा माणूस जुना तिथल्या तिथे घेऊन जातो. म्हणून फोटो आणि मुलांच्या पालकांचे नंबर आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. त्यापेक्षा दुकानातून घेतलात तर बरं. सिम नव्या फोनमध्ये घालून यूपीआय चालू करा, एक रुपया कुणाला तरी पाठवून बघा, मग जुना फोन रीसेट करून द्या.