अमेरिकेत शेतकऱ्याला सरकारी पैसे मिळतात ते पेरलेल्या पिकावर की नुकसानीवर?

मी औसा तालुक्यातल्या सोयाबीनवाल्या घरातला. आठ वर्षांपासून मध्य इलिनॉयमध्ये, शेतकऱ्यांकडून मका-सोयाबीन विकत घेणाऱ्या कंपनीत वजनकाट्यावर असतो. माल घालायला आलेले शेतकरी हाच विषय काढतात, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं.

मुख्य अनुदान या दोन्हींवर मिळत नाही. इथे प्रत्येक शेताच्या नावावर सरकारदप्तरी ‘बेस एकर’ असतात. या जमिनीत पूर्वी कोणतं पीक किती एकर असायचं, त्याची ती जुनी नोंद. आपल्या सातबाऱ्यावरच्या पीकपेऱ्यासारखीच, पण दर हंगामाला न बदलणारी. मक्याचे १०० बेस एकर असतील आणि यंदा सगळं सोयाबीन पेरलं, तरी हिशोब मक्याचाच होतो, तोही बहुतेक वेळा ८५ एकरांवर.

२०१४ च्या कायद्याने दोन योजना आणल्या, त्यांतली एक निवडायची. पहिलीत देशातला सरासरी भाव ठरवून दिलेल्या भावाच्या खाली गेला की फरक मिळतो. दुसरी काउंटीवर चालते. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा किंवा थोडा मोठा टापू. काउंटीचं सरासरी एकरी उत्पादन गुणिले देशातला भाव, हा आकडा मागच्या वर्षांच्या सरासरीच्या ८६ टक्क्यांखाली (२०२५ च्या पिकापासून ९०) आला तरच पैसे. तेही काढणीनंतर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात.

आमच्याकडे माल घालणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मका एका जुलैत गारपिटीने झोपला. बाकी काउंटीत पीक भरघोस. त्यांना त्या वर्षी या योजनेतून एक डॉलरही मिळाला नाही. ते सांगत होते तेव्हा मला आमचं महसूल मंडळ आठवलं. मंडळ म्हणजे काही गावांचा गट, आपल्याकडे पीक विम्याचा हिशोब त्याच्या सरासरीवर होतो. आमचं रान ओढ्याला लागून. एका वर्षी पाणी तुंबून शेंगा काळ्या पडल्या, पीक कापणी प्रयोग (निवडक प्लॉट कापून उत्पादन मोजणं) मात्र माळावरच्या प्लॉटात निघाले. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते त्या आकड्याच्या, वर गेली आणि पीक विम्याचा रुपया आला नाही.

फरक पुढे आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या शेतकऱ्याकडे वेगळा पीक विमा होता. त्यात त्यांच्या स्वतःच्या शेताचं मागच्या वर्षांचं उत्पादन धरलं जातं आणि हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं. गारपिटीचे पैसे त्यांना त्यातून मिळाले. भाव पडला तर सगळ्यांचाच पडतो, तिथे सरासरी चालेल. गारपीट आणि पूर एका शिवारात येतात, शेजारच्या शिवारात येत नाहीत. तिथे सरासरी लावणं हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने पीक विम्याची नुकसानभरपाई फक्त मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली, स्थानिक आपत्तीचा वैयक्तिक दावा काढून टाकला. त्याच सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला.

तेव्हा गावाकडून अण्णांचा फोन आला होता. इथल्या विम्याचं सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे तिकडं ज्याच्या रानाचं त्यालाच मोजून देत्यात व्हय?” मी हो म्हणालो. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.