‘मॅडम, आमच्या बोलीले हसतील’

“फिल्म तयार आहे, पण महोत्सवात पाठवायचा धीर होत नाही.” झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बऱ्याच तरुणांच्या तोंडून मी हे ऐकते. हातात मोबाईल आल्यापासून गावोगावी लघुपट तयार होतात आणि त्यातले कितीतरी मोबाईलमध्येच राहून जातात. अशाच एकाची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने, नाव-गाव वगळून.

ब्रह्मपुरी तालुक्यातला २४ वर्षांचा मुलगा. दिवाळीनंतर वडशाच्या नाटकमंडळींसोबत लाइट सांभाळायला फिरतो, उन्हाळ्यात लग्नांचं शूटिंग करतो. ऐन भाताच्या रोवणीच्या दिवसांत माझ्याकडे समुपदेशनाला आला तो झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत खरं कारण बाहेर आलं. त्याने ११ मिनिटांची फिल्म केली होती. एका लघुपट महोत्सवाचा ऑनलाइन अर्ज चार वेळा भरला आणि चारही वेळा शेवटचं बटण न दाबता बंद केला. मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

मी आधी तेच केलं जे सगळे करतात. म्हटलं, नागराज मंजुळेंकडे बघ, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस, त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मान हलवत राहिला आणि खुर्चीत आणखीच आक्रसला. घाबरलेल्या माणसापुढे मोठ्या माणसाचं नाव ठेवलं की तो फक्त मधलं अंतर मोजत बसतो. मी तो विषय सोडला आणि विचारलं, “समजा पाठवलीस आणि लोक हसले. तर नेमकं कशाला हसतील?”

“बोलीले,” तो पटकन म्हणाला.

शिकायला शहरात गेला तेव्हा वर्गात उभं राहून वाचताना त्याच्या तोंडून ‘डोळा’चा ‘डोरा’ झाला होता. शिक्षकांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. वर्ग पुन्हा हसला. त्यानंतर दोन वर्षं तो वर्गात आपणहून काही बोलला नाही.

नाकारलं जाण्याची भीती एकच नसते. फिल्म निवडली जाणार नाही ही भीती ज्याला त्याला असते आणि ती पचवता येते. पण आपली माणसं, आपलं बोलणं लोकांना हसण्यासारखं वाटेल, ही भीती वेगळी. तिला ‘कर रे, होईल’ एवढं पुरत नाही. ती कुठून आली ते आधी शोधावं लागतं, आणि तिने आपल्या कामात काय बिघडवलं तेही.

मी फिल्म बघितली. चैत्रातली पहाट, मोहाच्या झाडाखाली पाचोळा झाडून स्वच्छ केलेली जागा, त्याची आई वाकून फुलं वेचते आहे. कॅमेरा तिच्या बोटांच्या इतका जवळ की बोटांना लागलेला फुलांचा चिकट रस चमकताना दिसतो. फार सुंदर. पण ११ मिनिटांत आईच्या तोंडी एकही शब्द नाही. वरून सलग बासरी, इंटरनेटवरून उतरवलेली.

“मायला दाखवलीस?”

दाखवली नव्हती. मी म्हटलं, अर्ज राहू दे. आधी तिला दाखव, एवढंच काम.

तीन दिवसांनी आला. मायने फिल्म पूर्ण पाहिली आणि विचारलं होतं, “मी मुकी आहो का?”

वाघाच्या जंगलात बाया गप्प राहून मोह वेचत नाहीत. मोठ्याने बोलतात, एकमेकींना हाका देतात, जनावराला माणसाची चाहूल लागावी म्हणून. मूळ शूटिंगमध्ये हे सगळं होतं: हाका, सुनेच्या तक्रारी, मध्येच एक ओवी. त्यानेच ते काढून टाकलं होतं. हे सांगताना तो रडला, आणि मी त्याला रडू दिलं.

त्या रात्री त्याने बासरी काढली आणि मायचा आवाज परत घातला. परवानगी न घेतलेल्या संगीताची अडचण त्यासोबतच सुटली, कारण महोत्सवात हक्कांची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते. इंग्रजी सबटायटल द्यायची म्हणजे आपली बोली कमी पडली, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, अरे, पुण्याच्या मराठीलाही परदेशी परीक्षकांसाठी तेच करावं लागतं. ११ मिनिटं थोडी होतात का, हीही शंका होती. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटं ही लघुपटाची वरची मर्यादा आहे, नामावली धरून. त्याखाली किती लहान असावं याचं बंधन नाही. यूट्यूबवर मात्र आधी टाकू नकोस, असं बजावलं. आधी सगळ्यांसाठी खुली झालेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. पासवर्डची लिंक चालते.

आणि पाठवण्याआधीच पुढच्या महोत्सवाचं नाव आणि मुदत वहीत लिहून घ्यायला लावलं. हे मी प्रत्येकाला सांगते. नकाराच्या मेलमध्ये बहुतेकदा कारण नसतं. एकेका सत्राच्या ठरलेल्या वेळात निरनिराळ्या लांबीच्या फिल्म बसवायच्या असतात, त्यात चांगल्याही बाहेर राहतात. पण नकार आला त्या रात्री हे कोणाला आठवत नाही. वहीतली ओळ तेवढी समोर असते.

गावात लाइट गेली म्हणून ब्रह्मपुरीला मित्राच्या मोबाईल दुकानात बसून, शेवटच्या दिवशी रात्री त्याने फिल्म पाठवली.

निवड झाली नाही. “नाही झाली मॅडम” एवढाच मेसेज आला. मी फोन केला, तो थोडंच बोलला, नंतर महिनाभर काही कळलं नाही.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत तो आईचं बीपी तपासायला आला आणि तिला घेऊन माझ्या खोलीत डोकावला. मी फिल्मबद्दल काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “दुसरीकडं धाडली म्हनते बाई. माही बडबड सारी ठेवली त्यानं.”