येझदी घेऊ की बुलेट?

बाबू, दारव्ह्याच्या दोन्ही जुन्या मोटरसायकली पाहून आलास, आता आकड्यांकडेही नीट पाहा. येझदी रोडकिंगचं इंजिन २४८.५ सीसी, ताकद १६ एचपी. जुनी बुलेट ३४६ सीसीची, तरी १८च एचपी. मग एवढ्या मोठ्या इंजिनाचा फायदा काय? तो ओढीत आहे. बुलेटचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमी, त्यामुळे ती कमी फेऱ्यांवरच जोर धरते. मागे तुरीचं पोतं बांधून पांदणीच्या चिखलातून ती दुसऱ्या गिअरवर शांतपणे निघते. येझदी टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दर दोन धावांत एकदा पेट घेणारी, तिला अ‍ॅक्सिलरेटर देऊन पिळावं लागतं. पण एकदा सूर लागला की डांबरी रस्त्यावर काय पळते! उतारावर मात्र ब्रेक सांभाळ, टू-स्ट्रोकमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन गाडीला फारसं रोखत नाही.

या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. हे पायात मुरेपर्यंत बाजाराच्या दिवशी गावात नेऊ नको. किक मारताना हळूहळू दाब दे, अ‍ॅमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका ओढून किक थोडी पुढे ने, खटका सोड, मग पूर्ण किक मार. घाई केलीस तर किक उलटून पोटरीवर बसते.

येझदी पुन्हा पाहायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. गरम झाल्यावरही दाट धूर येत असेल आणि गिअरचं ऑइल कमी होत असेल, तर क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल अडवणारं सील गेलं समज.

पहिलीच जुनी गाडी आहे, तर माझ्या मते येझदीच घे. इंजिनात भाग कमी, घरी उघडून शिकता येईल.