माझ्या जुन्या आग्फा आयसोलेट-२ या घडीच्या फिल्म कॅमेऱ्यावर अपोटार ८५ मिमी लेन्स आहे. फोकस रिंग जाम आहे, शटर अडकतं, भिंगावर बुरशी आहे. घरी खोलून साफ करता येईल का?

येईल. तुमच्या आयसोलेटवर अपोटार ८५ मिमी लेन्स आहे म्हणता, म्हणजे तीन सुटी भिंगं, कुठेच जोडभिंग (डिंकानं एकमेकांना चिकटवलेली दोन भिंगं) नाही. शिकायला इतकी सोयीची लेन्स दुसरी मिळणं कठीण. फक्त रिंग जोर लावून फिरवू नका, आणि पक्कड तर हातात घेऊच नका.

त्या काळात आग्फाने फोकसच्या आट्यांत जे हिरवट ग्रीस भरलं, ते वाळून लाखेसारखं घट्ट होतं. या कॅमेऱ्यात फोकस होतो तो पुढचं भिंग मधल्या भिंगापासून पुढेमागे सरकवून. ग्रीस वाळलं की या दोन भिंगांच्या धातूच्या कड्या एकमेकींना चिकटतात. म्हणून जाम रिंगेपेक्षा मला जोर लावल्यावर ‘सुटलेल्या’ रिंगेची जास्त भीती वाटते. बहुतेक वेळा अशा वेळी ग्रीस सुटलेलं नसतं, मधली कडीच शटरमधून उलगडत असते. रिंग फिरते, आकडे बदलतात, पण दोन्ही भिंगं जोडीनं फिरतात आणि फोटो धूसर येतात.

खोलण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे भाता, लेन्स आणि कॅमेऱ्यामधली घड्यांची काळी पिशवी. पूर्ण अंधारात मोबाइलचा टॉर्च आतून लावा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा. आग्फाचे भाते कोपऱ्यांवरच फुटतात. चार-पाच टाचणीएवढी भोकं असतील तर काळा फॅब्रिक कलर आणि थोडं फेविकॉल मिसळून बारीक ब्रशनं बुजवता येतात, पूर्ण वाळेपर्यंत भाता उघडाच ठेवायचा. कोपऱ्यांची चाळण झाली असेल तर नवा भाता घालावा लागेल. तो खर्च करायचा नसेल तर लेन्सवर मेहनत करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट शटरची. आयसोलेट-२ मध्ये एकाच फ्रेमवर दोनदा फोटो येऊ नये म्हणून कुलूप असतं. आत फिल्म नसताना वरचं बटण एकदा चालून मग गप्प बसू शकतं, आणि लोक शटर मेलं म्हणून सोडून देतात. लेन्सवरची शटर ताणायची खटकी ओढा आणि शटरचा स्वतःचा छोटा दांडा बोटानं दाबा. उडालं तर दोष शटरचा नाही. सेल्फ टायमरची खटकी असेल तर तिला हात लावू नका. जुनाट ग्रीसमध्ये ती अर्ध्यावर अडकते आणि शटरलाही अडकवून ठेवते.

आता लेन्स. फोकस रिंगच्या कडेला तीन अगदी बारीक स्क्रू असतात. ०.८ ते १ मिमी टोकाचा घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर वापरून ते दीड फेरा सैल करा, काढू नका. पडले तर सापडत नाहीत. रिंग वर उचलली की आतली कडी दिसते. ती उलट दिशेनं फिरवा. मधलं भिंग सोबत आलं तर येऊ द्या, जोडी अख्खी बाहेर काढा.

ही जोडी काचेच्या बरणीत लायटरच्या इंधनात (नॅप्था) रात्रभर बुडवून झाकण लावा. खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. सकाळी बाहेर काढून पूर्ण कोरडी होऊ द्या, वास गेल्यावरच हेअर ड्रायरनं गरम करा. मग सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे कापून दोन्ही कड्यांभोवती धरा आणि पिळा. नाही सुटली तर पुन्हा भिजवा, पुन्हा तापवा. तीन-चार दिवस लागले तरी चालतील. ॲसिटोन सगळ्यात शेवटी, सांध्यावर एक-दोन थेंबच, कारण तो भिंगाच्या कडेचा काळा रंग खातो.

सुटायला लागली की घाई नको. दोन्ही कड्यांवर सुईनं खूण करा, आणि आटे नेमके कुठे सुटले तिथे दुसरी खूण. आट्यांची सुरुवात एकाहून जास्त जागी असू शकते, चुकीच्या जागी चढवलं तर अनंतावरचा (अगदी दूरच्या वस्तूंचा) फोकस कधीच जुळणार नाही. आटे टूथपिक, जुना टूथब्रश आणि नॅप्था वापरून पितळ चमकेपर्यंत साफ करा. नवं ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं पुरे. शिलाई मशीनचं तेल किंवा स्प्रे नको, ते पसरत पसरत शटरच्या पात्यांवर जातं.

भिंगं बाहेर आहेत तोवर शटरची पाती समोर उघडी असतात. इअरबडला नॅप्था लावून हलकेच पुसा, वीस-तीस वेळा शटर उडवा, सुकू द्या, पुन्हा पुसा. पाती तासाभरानं परत चिकटली तर घाबरू नका. विरघळलेलं तेल सुकून तिथेच बसलेलं असतं, आणखी दोन-तीन हात लागतील. तुमच्याकडे १/२५ ते १/२०० सेकंद वेगाचं प्राँटो शटर असेल तर बहुतेकदा एवढ्यावर भागतं. प्राँटोर-एस शटर असेल आणि १ सेकंद, १/२ सेकंद रेंगाळत असतील तर पुढची तबकडी उघडून आतल्या दातेरी चाकांना एक थेंब नॅप्था द्यावा लागतो. तबकडी उचलण्याआधी फोटो काढा. परत बसवताना खालच्या खुंट्या तबकडीच्या खाचांतच बसायला हव्यात. त्याच्या खाली जाऊ नका, तिथे स्प्रिंगा आहेत.

बुरशीसाठी केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात, दोन-चार थेंब लेन्स टिश्यूवर, न घासता. मग डिस्टिल्ड वॉटरनं पुसा. काचेत खरवडल्यासारखी नक्षी उरली तर ती बुरशीनं काचेचा थर खाल्ल्याची खूण आहे, जाणार नाही. फोटोत सहसा दिसतही नाही. हाच प्रश्न सोलिनार लेन्सबद्दल असता तर मागचं जोडभिंग भिजवू किंवा तापवू नका म्हणालो असतो, मधला डिंक जातो.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो अनंत जुळवायला. मधली कडी शटरमध्ये शेवटपर्यंत घट्ट बसवा, मग पुढची खुणेवरून चढवा. मागचं झाकण उघडून फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर घासलेली (एका बाजूनं दुधी) काच ठेवा, घासलेली बाजू लेन्सकडे. काच नसेल तर धूसर सेलोटेप ताणून लावा. शटर ‘बी’वर (दाबून ठेवाल तोवर उघडं राहणारं), केबल रिलीजनं (शटर दाबायच्या तारेनं) उघडं ठेवलेलं, छिद्र ४.५ वर. तीन-चारशे मीटरवरचा मोबाइल टॉवर किंवा डोंगराची कड बघा, ८ ते १० पटीच्या लूपनं, म्हणजे डोळ्याशी धरायच्या छोट्या भिंगानं. एसएलआरची ५० मिमी लेन्स उलटी धरली तरी चालते. पुढची कडी हळूहळू फिरवून प्रतिमा सर्वांत तीक्ष्ण होईल तिथे थांबा. कडी न हलवता रिंग अनंताच्या खुणेवर बसवा, तिन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, आणि पुन्हा एकदा काचेवर बघा, कारण आवळताना ती हमखास किंचित सरकते. मग फिल्म पट्टीपासून टेपनं मोजून २ मीटरवर वर्तमानपत्र ठेवा. रिंगेवर २ असताना मथळा काचेवर स्पष्ट दिसला पाहिजे. अनंत बरोबर आणि २ मीटर चुकत असेल तर आटे चुकीच्या सुरुवातीवर चढले आहेत, पुन्हा खोला.